मागच्या बाजूची गाणी

४ जुलै २०२५च्या संध्याकाळी कार्डिफच्या प्रिन्सिपॅलिटी स्टेडियममध्ये ‘ओॲसिस’ हा मँचेस्टरचा बँड जवळपास सोळा वर्षांनी पुन्हा लोकांसमोर आला. २००९च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला नोएल आणि लियम गॅलाघर या भावांचं कायमचं बिनसलं होतं आणि ते एका मंचावर पुन्हा कधी दिसतील, ही आशा बहुतेकांनी सोडून दिली होती. त्या रात्री पहिलं गाणं झालं ‘हॅलो’. मग दुसरं सुरू झालं आणि लियमने अंतरा संपवून जागा दिली तेव्हा धृपदाला नोएलचा आवाज आला. आपल्याला एकमेकांची गरज आहे, अशा अर्थाचं ते धृपद सगळं स्टेडियम त्याच्याबरोबर गात होतं.

ते गाणं म्हणजे ‘ॲक्विएस’. १९९५ साली ते बाहेर आलं, तेव्हा मुख्य गाणं म्हणून आलं नव्हतं. दुसऱ्याच एका गाण्याच्या सिंगलवर, मागच्या बाजूला, भरीचं म्हणून ते आलं होतं.

त्या रात्री एकूण तेवीस गाणी झाली. त्यांतली पाच मूळची ‘बी साइड’ होती: ‘ॲक्विएस’, ‘फेड अवे’, ‘टॉक टुनाइट’, ‘हाफ द वर्ल्ड अवे’ आणि ‘द मास्टरप्लॅन’. सोळा वर्षं वाट पाहिलेल्या लोकांसमोर काय वाजवायचं, हे ठरवताना पाचातलं एक गाणं बी साइडमधून घेणारा दुसरा एवढा मोठा बँड शोधावा लागेल. आणि हे काही नोएलच्या लहरीवर झालेलं नाही. ही गाणी पुढे आणली ती चाहत्यांनी. तीस वर्षं ते हेच सांगत आले आहेत की कंपनीने पुढच्या बाजूला छापलेलं गाणं आम्हाला मान्य आहे, पण आमचं गाणं मागे आहे.

तबकडीला दोन बाजू असतात, ही तशी साधी गोष्ट. आपल्याकडच्या ७८ आरपीएमच्या रेकॉर्डलाही त्या होत्याच, एकेका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं. १९४९ साली अमेरिकेत आरसीए व्हिक्टर कंपनीने सात इंची, ४५ फेऱ्यांची तबकडी बाजारात आणली आणि पुढे रॉकचा सगळा व्यापार या छोट्या तबकडीवर उभा राहिला. रेडिओने वाजवावं म्हणून कंपनी ज्याच्यावर जोर लावायची ते गाणं ए बाजूला. उरलेली बाजू रिकामी ठेवता येत नाही, म्हणून तिथे दुसरं काहीतरी. पण लोक कोणती बाजू वाजवतील हे कंपनीच्या हातात कधीच नव्हतं. बिल हेलीचं ‘रॉक अराउंड द क्लॉक’ १९५४ साली आलं ते ‘थर्टीन विमेन’ या आज कुणालाही न आठवणाऱ्या गाण्याच्या पाठीवर. बीटल्सचं ‘आय ॲम द वॉलरस’ १९६७ साली ‘हॅलो, गुडबाय’च्या मागे होतं. ‘क्वीन’चं ‘वी विल रॉक यू’ १९७७ साली ‘वी आर द चॅम्पियन्स’च्या मागे होतं आणि आज क्रिकेटच्या मैदानात टाळ्यांच्या ठेक्यावर वाजतं ते हेच.

‘क्वीन’चा विषय निघालाच आहे, तर पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेल्या फारुख बलसाराचं, म्हणजे फ्रेडी मर्क्युरीचं, ‘बोहेमियन रॅप्सडी’ घ्या. १९७५च्या त्या सिंगलच्या मागच्या बाजूला ड्रमर रॉजर टेलरने लिहिलेलं, मोटारगाडीवरच्या प्रेमाचं गाणं आहे. सिंगल विकलं की दोन्ही बाजूंच्या गीतकारांना सारखीच रॉयल्टी मिळायची. त्यामुळे जगभर खपलेल्या ‘रॅप्सडी’बरोबर टेलरच्या खिशातही तेवढेच पैसे पडले. बँडच्या आत बी साइडवरून भांडणं व्हायची ती अशी. ‘ओॲसिस’मध्ये ही भानगड नव्हती, कारण तेव्हा जवळजवळ सगळी गाणी एकटा नोएलच लिहायचा.

नव्वदच्या दशकात तबकडीची जागा सीडी सिंगलने घेतली आणि मागची बाजू ऐसपैस झाली. सीडीला खरं तर एकच बाजू, पण नाव बी साइडच राहिलं आणि एकाऐवजी तीन गाण्यांची सोय झाली. बरेच बँड तिथे रीमिक्स, जुने डेमो, मैफलीतलं अर्धंमुर्धं ध्वनिमुद्रण असं काहीबाही टाकून मोकळे व्हायचे. नोएलला ते पटत नव्हतं. तो ‘द जॅम’ आणि ‘द स्मिथ्स’ ऐकत वाढलेला. ‘स्मिथ्स’चं ‘हाउ सून इज नाउ?’ हे अनेकांच्या मते त्यांचं सर्वांत थोर गाणं, आणि ते १९८४ साली ‘विल्यम, इट वॉज रिअली नथिंग’च्या बारा इंची तबकडीवर मागे गेलं होतं. लहानपणी खिशातले पैसे मोजून सिंगल घेणाऱ्या पोराला मागची बाजू चांगली निघाली की काय वाटतं, हे नोएलला ठाऊक होतं. तीच वागणूक त्याला आपल्या ऐकणाऱ्यांना द्यायची होती.

आता २४ एप्रिल १९९५ला आलेलं ‘सम माइट से’ हे सिंगल जवळून पाहू.

मुखपृष्ठावर डर्बीशायरमधलं क्रॉमफर्ड नावाचं लहानसं रेल्वे स्टेशन आहे. ब्रायन कॅनन या कलाकाराने गाण्यातल्या शब्दांवरून हे चित्र रचलं. लियम पादचारी पुलावर उभा आहे. आत चार गाणी आहेत आणि चारही मिळून एकोणीस मिनिटांच्या आत संपतात. पहिलं अर्थात ‘सम माइट से’, साडेपाच मिनिटांचं. गिटारींचा जाड थर, त्यावर लियमचा नाकातून येणारा ताणलेला आवाज आणि उद्या बरं होईल असं सांगणारे शब्द. हे सिंगल ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं आणि बँडला पहिल्यांदाच हा मान मिळाला. ड्रमर टोनी मॅकॅरलचं मात्र बँडबरोबरचं हे शेवटचं काम ठरलं. ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या टीव्ही कार्यक्रमात हेच गाणं सादर करताना त्याच्या जागी ॲलन व्हाइट बसलेला होता.

गाणं संपतं, गिटारींचा गोंगाट विरतो आणि सीडी पुढे सरकते. दुसऱ्या गाण्यात लियम नाही, ढोलताशांचा दणका नाही. एक साधी लाकडी गिटार, ठेक्याला टाळी आणि नोएलचा थकलेला आवाज. हे ‘टॉक टुनाइट’. त्याच्यामागची हकीकत चाहत्यांना तोंडपाठ आहे. सप्टेंबर १९९४मध्ये लॉस एंजेलिसच्या ‘व्हिस्की अ गो गो’मधला कार्यक्रम पार विस्कटला. नोएल वैतागून बँड सोडून सॅन फ्रान्सिस्कोला निघून गेला. तिथे ओळख झालेल्या एका तरुणीने त्याला आसरा दिला, त्याच्याशी बोलत बसली, त्याला शांत केलं. तो बँडमध्ये परतला आणि त्या रात्रींवर हे गाणं लिहिलं गेलं. गाण्यात कुठेही मोठेपणाचा आव नाही. रात्री कुणीतरी आपल्याशी बोललं, एवढीच गोष्ट आहे. ‘ओॲसिस’ म्हणजे मस्तवाल आवाज आणि बेफिकीर तोंडं, अशी ओळख असलेल्या काळात ज्यांनी हे गाणं ऐकलं, त्यांना बँडची दुसरी बाजू अक्षरशः दुसऱ्या बाजूवरच सापडली.

तिसरं ‘ॲक्विएस’. नोएलने सांगितलेली गोष्ट अशी: ‘सम माइट से’च्या ध्वनिमुद्रणासाठी वेल्समधल्या लोको स्टुडिओकडे जाताना रेल्वे वाटेत अडकून पडली आणि त्या खोळंब्यात हे गाणं सुचलं. अंतरा लियमचा, धृपद नोएलचं. त्या काळातल्या गाण्यांत ही विभागणी दुर्मीळ आहे, कारण एरवी ज्याचं गाणं तोच ते शेवटपर्यंत गायचा. लियमचा अंतरा दातओठ खाऊन येतो आणि मग एकदम वर उडी मारून नोएल त्याला उत्तर देतो. हे गाणं मैत्रीबद्दल आहे, भावाबद्दल नाही, असं नोएल सांगत आला. चाहत्यांनी त्याचं म्हणणं कधीच मानलं नाही. दोन भाऊ, ज्यांचं एकमेकांशी पटत नाही, ते एकमेकांच्या गरजेबद्दल एका माइकवरून दुसऱ्या माइकला सांगतात, हे डोळ्यांसमोर दिसत असताना कवीचा खुलासा कोण ऐकणार?

‘ॲक्विएस’ हेच मुख्य गाणं असायला हवं होतं, हे मत सिंगल आलं त्या आठवड्यापासून मांडलं जातंय आणि आज ते जवळपास बहुमत झालं आहे. त्यात तथ्य आहे. गाणं म्हणून ‘ॲक्विएस’ अधिक घट्ट आहे, त्यात दोन स्वभाव समोरासमोर आहेत, आणि १९९६च्या ऑगस्टमध्ये नेबवर्थच्या मैदानात दोन रात्रींत अडीच लाख लोकांसमोर ते दुसऱ्याच क्रमांकाला वाजलं, यावरून बँडलाही त्याचं मोल कळलं होतं. पण ‘सम माइट से’ची बाजू घेणारेही आहेत आणि त्यांचं ऐकून घेतलं पाहिजे. त्यांचं म्हणणं असं की पहिला क्रमांक मिळवणारं गाणं रस्त्यावरच्या कुणालाही आपलं वाटावं लागतं. ‘ॲक्विएस’ आधीपासून या बँडवर जीव असलेल्यांचं गाणं आहे, ‘सम माइट से’ अजून ओळख न झालेल्यांचं. १९९५च्या वसंतात दार उघडायला ‘सम माइट से’च लागणार होतं. हा युक्तिवाद खोडून काढणं कठीण आहे.

चौथ्या ‘हेडश्रिंकर’बद्दल मात्र मतभेद कमी. ते वेगवान, ओरबाडणारं, पंकच्या वळणाचं गाणं आहे आणि लियमचा त्या काळातला गळा कसा होता हे दाखवायला एवढं एक पुरे, असं त्याचे चाहते म्हणतात. २०२५च्या यादीत या सिंगलवरची तीन गाणी आली, हे एकच मागे राहिलं.

‘टॉक टुनाइट’च्या कुळातलं दुसरं गाणं म्हणजे ‘हाफ द वर्ल्ड अवे’. डिसेंबर १९९४च्या ‘व्हॉटएव्हर’ सिंगलवर ते आलं. त्याच अमेरिकी दौऱ्यात, बँड पुन्हा जमल्यावर टेक्सासमधल्या ऑस्टिनमध्ये ते ध्वनिमुद्रित झालं. चालीवर बर्ट बॅकरॅकचा प्रभाव आहे आणि नोएलने तो कधी लपवला नाही. १९९८ साली बीबीसीवर ‘द रॉयल फॅमिली’ ही मालिका सुरू झाली. मँचेस्टरमधलं एक कष्टकरी कुटुंब सोफ्यावर बसून टीव्ही बघतं, चहा पितं आणि भांडतं, एवढंच तिचं कथानक. शीर्षकगीत म्हणून हे गाणं घेतलं गेलं आणि जे ‘ओॲसिस’चे चाहते नव्हते, त्यांच्याही दिवाणखान्यात ते घुसलं. २०१५ साली नॉर्वेची गायिका ऑरोरा हिने जॉन लुइस या दुकानसाखळीच्या नाताळच्या जाहिरातीसाठी ते पुन्हा गायलं. एका सिंगलच्या मागच्या बाजूवरून निघालेलं गाणं इतकं लांब जातं, तेव्हा बी साइड हा शब्दच अपुरा वाटू लागतो.

ऑगस्ट १९९५मध्ये ‘ब्लर’ हा प्रतिस्पर्धी बँड आणि ‘ओॲसिस’ यांची गाजलेली टक्कर झाली. दोघांची सिंगल एकाच दिवशी, १४ तारखेला, बाजारात आली. ‘ब्लर’चं ‘कंट्री हाउस’ दोन वेगवेगळ्या सीडींवर, वेगवेगळ्या बी साइडसह होतं. त्यामुळे पक्का चाहता दोन्ही घ्यायचा. पहिल्या आठवड्यात ‘ब्लर’च्या सुमारे २,७४,००० प्रती खपल्या, ‘ओॲसिस’च्या ‘रोल विथ इट’च्या सुमारे २,१६,०००. हरलेल्या त्या सिंगलवर ‘रॉकिंग चेअर’ नावाचं एक उदास, सुंदर गाणं होतं. ‘रोल विथ इट’पेक्षा ते कितीतरी जास्त टिकलं, असं आज चाहते सहज म्हणतात आणि ते बरोबर म्हणतात.

मग आलं ‘वंडरवॉल’, ऑक्टोबर १९९५. जगभर ज्याने ‘ओॲसिस’ पोचवलं ते गाणं. त्याच्या मागे ‘द मास्टरप्लॅन’ होतं: नोएलचा आवाज, तंतुवाद्यांचा मोठा ताफा, हळूहळू चढत जाणारी चाल. ‘ओॲसिस’ची गाणी काढणाऱ्या क्रिएशन रेकॉर्ड्सचा मालक ॲलन मॅगी याने ऐकून म्हटलं की हे बी साइडला घालण्याइतकं लहान गाणं नाही. आपण वाईट गाणी लिहीतच नाही, अशा अर्थाचं उत्तर नोएलने दिलं आणि गाणं मागेच गेलं. पुढे मात्र आपण लिहिलेल्या सर्वोत्तम गाण्यांत तो याचं नाव घेत आला आणि ते असं खर्ची घातल्याची रुखरुखही त्याने बोलून दाखवली.

त्याच सीडीवर ‘द स्वॉम्प साँग’ नावाचा विनाशब्दांचा तुकडा आहे. त्यात पॉल वेलर, म्हणजे ‘द जॅम’चा म्होरक्या, गिटार आणि हार्मोनिका वाजवतो. ज्याच्या बी साइड ऐकून नोएल शिकला, तोच त्याच्या बी साइडवर वाजवायला आला. शिष्याच्या वाट्याला असा योग क्वचितच येतो.

ब्रिटनमधल्या चाहत्यांना ही गाणी तीन-चार पौंडांत मिळत होती. इतरत्र ती आयात केलेल्या महागड्या सीडींवर शोधावी लागायची. मुंबईत तर सिंगलचा असा बाजार नव्हताच; काळा घोड्याच्या ‘ऱ्हिदम हाउस’मध्ये किंवा इतर दुकानांत मिळायच्या त्या अल्बमच्या कॅसेटी. ‘मॉर्निंग ग्लोरी’ या दुसऱ्या अल्बमची कॅसेट झिजेपर्यंत ऐकणाऱ्या इथल्या पोरांना ‘ॲक्विएस’ असं काही गाणं अस्तित्वात आहे, हे कुणा परदेशी भावंडाने टेप करून पाठवल्याशिवाय कळायची सोय नव्हती.

ब्रिटनबाहेरच्या अशा ऐकणाऱ्यांसाठीच २ नोव्हेंबर १९९८ला ‘द मास्टरप्लॅन’ हा संग्रह आला. १९९४ ते १९९७मधल्या बी साइडपैकी निवडक चौदा. कोणती गाणी घ्यायची यासाठी चाहत्यांचा कौल घेण्यात आला. पहिलं गाणं ‘ॲक्विएस’, शेवटचं ‘द मास्टरप्लॅन’. उरल्यासुरल्या गाण्यांचा हा संग्रह ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेला. अशा संग्रहांची परंपरा होती. ‘स्मिथ्स’चं ‘हॅटफुल ऑफ हॉलो’, ‘निर्वाना’चं ‘इन्सेस्टिसाइड’, ‘स्वेड’चं ‘साय-फाय ललबाइज’ ही नावं जाणकार लगेच घेतात. पण ‘द मास्टरप्लॅन’कडे लोक संग्रह म्हणून बघतच नाहीत. अनेकांच्या लेखी तो बँडचा खराखुरा तिसरा अल्बम आहे.

आणि जे सुटलं त्याचं दुःख वेगळंच. ‘राउंड आर वे’ हे मँचेस्टरच्या गल्लीतल्या सकाळचं, ब्रास वाद्यांनी फुललेलं गाणं नेबवर्थला वाजलं होतं, तरी संग्रहात नाही. ‘लिसन अप’ आहे, ‘क्लाउडबर्स्ट’ नाही. चौदाच्या जागी सोळा घेतली असती तर काय बिघडलं असतं, ही तक्रार पंचवीस वर्षांनंतर, २०२३च्या सुधारित आवृत्तीच्या वेळीही ताजी होती.

या सगळ्याच्या मुळाशी एक मोठा वाद आहे. ऑगस्ट १९९७मध्ये ‘बी हिअर नाउ’ हा खरा तिसरा अल्बम आला. पहिल्याच दिवशी ब्रिटनमध्ये चार लाखांहून अधिक प्रती गेल्या. समीक्षकांनी आधी डोक्यावर घेतलं आणि काही महिन्यांत खाली टाकलं. एकाहत्तर मिनिटांचा, गाण्यागाण्यावर गिटारींचे थरांवर थर चढवलेला अल्बम. नोएल स्वतः त्याबद्दल फारसं चांगलं बोलत नाही. मग चाहते हिशेब मांडतात: ‘ॲक्विएस’, ‘द मास्टरप्लॅन’, ‘रॉकिंग चेअर’, ‘टॉक टुनाइट’, ‘अंडरनीथ द स्काय’ ही गाणी राखून ठेवली असती, तर तिसरा अल्बम पहिल्या दोन अल्बमच्या तोडीचा झाला असता. उधळेपणाने घात केला.

हा हिशेब कागदावर सुटतो, पण गाणी अशी घडत नाहीत. ही गाणी चांगली झाली त्यात त्यांच्या बी साइड असण्याचा मोठा वाटा आहे. मुदत जवळ आलेली, स्टुडिओत हाताशी दिवस थोडे, कुणी वरून लक्ष ठेवणारं नाही आणि रेडिओला काय आवडेल याची फिकीर नाही. म्हणून ‘टॉक टुनाइट’ एका गिटारवर सुटलं आणि ‘ॲक्विएस’ साडेचार मिनिटांच्या आत आटोपलं. हीच गाणी १९९७च्या पैशांत, त्या नशेत आणि त्या अहंकारात ध्वनिमुद्रित झाली असती, तर ‘ॲक्विएस’ आठ मिनिटांचं झालं असतं आणि त्याच्यावरही तेच थर चढले असते. राखून ठेवलेली गाणी तशीच ताजी राहिली असती, हे चाहत्यांनी गृहीतच धरलं आहे. १९९५चा नोएल आणि १९९७चा नोएल यांत गाण्यांचा तुटवडा हा एकच फरक नव्हता.

२०२४च्या उन्हाळ्यात लियमने एकट्याने ‘डेफिनिटली मेबी’ या बँडच्या पहिल्या अल्बमला तीस वर्षं झाली म्हणून दौरा काढला. तेव्हा अल्बमच्या गाण्यांसोबत त्याने ‘क्लाउडबर्स्ट’, ‘फेड अवे’, ‘आय विल बिलीव्ह’ अशी त्या काळातली मागच्या बाजूची गाणी काढली. ‘हाफ द वर्ल्ड अवे’ही त्याने गायलं, जे मुळात भावाचं. शेवटी ‘आय ॲम द वॉलरस’: बीटल्सची बी साइड, जी १९९४ साली ‘सिगारेट्स अँड अल्कोहोल’च्या मागे ‘ओॲसिस’चीही बी साइड झाली होती.

चाहते आणि नोएल यांचं एका गाण्यावरून मात्र अजून जुळलेलं नाही. ‘स्टे यंग’ मुळात ‘बी हिअर नाउ’साठी होतं. नोएलने ते काढून त्या जागी ‘मॅजिक पाय’ घातलं आणि हे गाणं ‘डू यू नो व्हॉट आय मीन?’च्या मागे गेलं. त्याला ते आवडत नाही आणि त्याने ते लपवलेलं नाही. चाहत्यांनी तरीही ते ‘द मास्टरप्लॅन’वर आणून बसवलं आणि १९९८च्या अखेरीस रॉबर्ट रॉड्रिगेझच्या ‘द फॅकल्टी’ या चित्रपटातही ते वाजलं. लियमचा गळा शाबूत असताना गायलेलं, उसळतं, हसरं गाणं. ‘मॅजिक पाय’ सात मिनिटांहून लांब आहे आणि एकदा दोन्ही लागोपाठ ऐकली की चाहत्यांशी सहमत व्हायला वेळ लागत नाही. २०२५च्या संपूर्ण दौऱ्यात, कार्डिफपासून साओ पावलोपर्यंत, ते एकदाही वाजलं नाही. मागणी मात्र सुरूच आहे.